हेलिकॉप्टर येईल, पण कोणासाठी?

खास प्रतिनिधी

बदलापूर : २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकून पडली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथके आली, हवाई दलालाही पाचारण झाले आणि हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर पडले. त्या दिवशी कोणाकडेही विम्याचा कागद मागितला गेला नाही. आपत्ती सामूहिक असली की शासनयंत्रणा धावते, हा अनुभव उल्हासच्या पुराशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या हेंद्रेपाड्याला आणि पश्चिम बदलापुरातील अन्य वस्त्यांना नवा नाही. पण संकट एकट्यावर आले तर? याच हेंद्रेपाड्यातून पहाटे निघालेला मोटारसायकलस्वार माळशेज घाटात, किंवा त्याहून कितीतरी दूर सरचूच्या पठारावर घसरून पडला, तर त्याला उचलायला कोण येणार, कुठे नेणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी शोधलेले नसते.

प्रश्न केवळ हौशी मंडळींपुरता नाही. आठवड्याचे पाच-सहा दिवस लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या अंबरनाथ-बदलापूरच्या तरुण नोकरदाराला दुचाकी हीच काय ती मोकळीक. रविवारी बारवी धरण, कोंडेश्वर किंवा माळशेज, दिवाळीच्या सुट्टीत कोकण नाही तर गोवा, आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा रजा साठवून लडाख किंवा स्पिती, असा हा चढता क्रम आता मध्यमवर्गीय घरांच्या परिचयाचा झाला आहे. दुसऱ्या बाजूला, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले, त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचे प्राण गेले, आणि मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. यातले बहुसंख्य सहलीला निघालेले नव्हते, हे खरे. पण घाटातल्या वळणावर पडलेल्या माणसाच्या बाबतीत जखमेइतकाच अंतराचाही विचार करावा लागतो. शहरात जी दुखापत निभावून जाते, तीच रुग्णालयापासून चार तासांच्या अंतरावर जीवघेणी ठरू शकते.

विमा बाजाराने ही भीती अचूक हेरली आहे. आरोग्य विम्याच्या माहितीपत्रकांवर अलीकडे हेलिकॉप्टरचे चित्र दिसू लागले आहे आणि ‘आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतर’ हे शब्द ठळक अक्षरांत छापले जाऊ लागले आहेत. ग्राहकाची समजूत अशी होते, की आपण पडलो की हे हेलिकॉप्टर येणार आणि आपल्याला थेट मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आणून ठेवणार. पॉलिसीतील कलमे शांतपणे वाचली तर यातले फारच थोडे खरे ठरते.

गोंधळ मुळात शब्दातच आहे. जखमी माणसाचे स्थलांतर म्हणजे एक प्रवास नव्हे, ते तीन वेगवेगळे प्रवास असतात. पहिला, अपघाताच्या जागेपासून जवळच्या दवाखान्यापर्यंतचा. दुसरा, त्या दवाखान्यातून मेंदूचे किंवा हाडांचे मोठे ऑपरेशन होऊ शकेल अशा रुग्णालयापर्यंतचा. आणि तिसरा, परमुलखातून आपल्या गावी, आपल्या माणसांत परतण्याचा. या तिन्हींचा खर्च निरनिराळा, यंत्रणा निराळ्या आणि विम्याचे नियमही निराळे. विकत घेताना मात्र तिन्ही एकाच नावाखाली विकले जातात.

पहिल्या प्रवासात विमा कंपनीचा प्रत्यक्ष उपयोग जवळजवळ नसतोच. तिथे उपयोगी पडतात ती सोबतची माणसे, रस्त्यावरून जाणारा टेम्पोवाला आणि १०८ क्रमांक. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, तिच्यात डॉक्टर असतो आणि विम्याचा कार्ड क्रमांक कोणी विचारत नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा आणखी एक क्रमांक आहे. जखमीला उचलणाऱ्याने पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याच्या भीतीने पाय मागे घेऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ही बाब जितक्या लोकांना ठाऊक व्हायला हवी होती तितक्यांना ती अजूनही ठाऊक नाही, आणि घाटात पडलेल्या माणसाच्या दृष्टीने कोणत्याही पॉलिसीपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

याच दुरुस्तीत ‘सुवर्ण तास’, म्हणजे दुखापतीनंतरचा पहिला तास, कायद्याच्या भाषेत आला. त्या तासातील रोकडरहित उपचारांची योजना मात्र रखडली. ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला ती तयार करण्याचा आदेश दिला आणि अखेर ५ मे २०२५ रोजी अधिसूचना निघाली. मोटार वाहनाच्या अपघातातील कोणत्याही जखमीला, तो कुठल्याही रस्त्यावर पडलेला असो, नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार, असे तिचे स्वरूप आहे. रुग्णालय यादीत नसेल तर तिथे फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार मिळतात. अतिदक्षता विभागातील आठवड्याचे बिल पाहिलेल्याला दीड लाखांचा पल्ला किती, हे सांगायला नको. तरीही सुरुवातीची अनामत रक्कम कोण भरणार या घोळात जो वेळ जातो, तो वाचवण्याची सोय म्हणून ही योजना दुचाकीस्वाराने लक्षात ठेवावी अशीच आहे.

खरी अडचण सुरू होते ती दुसऱ्या प्रवासात. त्यासाठी लडाखला जाण्याचीही गरज नाही. बदलापूरच्या सरकारी रुग्णालयातून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, तिथून कळवा, कळव्याहून शीव किंवा केईएम, ही साखळी या पट्ट्यातील रहिवाशांना तोंडपाठ आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला प्रत्येक टप्प्यावर ‘पुढे न्या’ हेच ऐकावे लागते. माळशेजमध्ये पडलेल्याच्या वाट्याला तर त्याआधी टोकावडे किंवा मुरबाड आणि मग कल्याण असे आणखी टप्पे येतात. पावसाळ्यातला रविवार असेल तर मुरबाड रस्त्यावरची वाहनांची रांग वेगळीच. या धावपळीत कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेली खासगी रुग्णवाहिका करावी लागली, तर विमा किती देतो? विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून विकणे बंधनकारक केलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत रस्त्यावरील रुग्णवाहिकेसाठी एका रुग्णालय प्रवेशामागे जास्तीत जास्त दोन हजार रुपये आहेत. अनेक सामान्य पॉलिसींमध्ये आणि नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक मेडिक्लेममध्येही मर्यादा अशीच तुटपुंजी असते. हेलिकॉप्टरच्या चित्राला भुलण्याआधी आपल्या पॉलिसीत साध्या रुग्णवाहिकेची मर्यादा किती, हा रुक्ष आकडा पाहावा. बदलापूरच्या रहिवाशाला त्याचीच गरज पडण्याची शक्यता अधिक.

आता हवाई रुग्णवाहिकेच्या कलमाकडे वळू. हे कलम बहुतेक ठिकाणी एका ठरावीक साच्यातले असते. जिवाला धोका असल्याचे डॉक्टरने लेखी द्यावे लागते. रस्त्याने वेळेत नेणे शक्य नव्हते, हे दाखवावे लागते. सेवा परवानाधारक कंपनीचीच असावी लागते. रुग्णालयातील उपचारांचा मूळ दावा मंजूर झाला तरच हवाई प्रवासाचा खर्च मिळतो, मूळ दावा फेटाळला गेला की हाही गेला. खर्चाला कमाल मर्यादा असते. ती काही पॉलिसींत अडीच लाख, काहींत पाच लाख, तर काहींत विम्याच्या पूर्ण रकमेइतकी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विमान नेते ते ‘जवळच्या योग्य रुग्णालयात’. योग्य कोणते, हे रुग्णाचे नातेवाईक ठरवत नाहीत. लेहमध्ये जखमी झालेल्याला चंडीगड किंवा दिल्लीत उपचार मिळू शकत असतील, तर मुंबईपर्यंतच्या उड्डाणाचा खर्च कंपनी नाकारू शकते. घरी परतण्यासाठीचा हवाई प्रवास तर कित्येक पॉलिसींमध्ये स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. म्हणजे ज्या तिसऱ्या प्रवासासाठी बहुतेक ग्राहक हा विमा घेतात, तोच त्यात नसतो.

अपघातस्थळावरून थेट उचलणे आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणे, यांतही कंपन्या भेद करतात. काही पॉलिसी पहिलेच मान्य करतात, काही दोन्ही. दुचाकीस्वारासाठी दुसरे अधिक महत्त्वाचे आहे, कारण रस्त्याच्या कडेला हेलिकॉप्टर उतरून जखमीला उचलून नेते हे दृश्य आपल्याकडे अजून अपवादात्मक आहे. व्यवहारात घडते ते असे, की जखमी आधी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो, तिथे त्याची प्रकृती थोडी सावरते आणि मग विमानाची चर्चा सुरू होते. छातीत हवा साचलेल्या रुग्णाला ती नळीने काढल्याशिवाय उंचीवर नेणे धोक्याचे असते, त्यामुळे उड्डाणाचा निर्णय डॉक्टरचाच राहतो. अशा वेळी लहान विमान भाड्याने घेण्याचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. तुलनेने स्वस्त पर्याय म्हणजे नेहमीच्या प्रवासी विमानात आसने काढून बसवलेले स्ट्रेचर. त्यासाठी विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज भरावा लागतो, सोबत परिचारक लागतो आणि एक-दोन दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते. दिल्लीत ऑपरेशन होऊन आठवड्याभराने घरी परतणाऱ्या रुग्णाला याचाच उपयोग होतो. मात्र हे ‘हवाई रुग्णवाहिका’ या व्याख्येत बसते का, हे पॉलिसी घेतानाच विचारलेले बरे.

दीडशे किलोमीटरची मेख

अनेक आरोग्य पॉलिसींमध्ये आणि बँकांच्या कार्डांवर ‘आपत्कालीन साहाय्य’ नावाची एक जोडसुविधा फुकट दिलेली असते. वैद्यकीय स्थलांतर, घरी परत आणणे, नातेवाइकाला भेटीसाठी नेणे अशी भरघोस यादी तिच्यात असते. तिच्या अटींमध्ये मात्र अनेकदा असे वाक्य आढळते, की विमाधारक राहत्या घरापासून दीडशे किंवा त्याहून अधिक किलोमीटर अंतरावर प्रवासात असला पाहिजे. हेंद्रेपाड्यातून माळशेज, बारवी, कोंडेश्वर, माथेरानचा पायथा यांपैकी काहीही या कक्षेत बसत नाही. वर्षाचे पन्नास रविवार जिथे दुचाकी धावते तिथे ही सुविधा झोपलेली, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या दूरच्या सहलीपुरती ती जागी. दुसरी अट अशी, की व्यवस्था कंपनीच्या मदत केंद्रामार्फतच झाली पाहिजे. नातेवाइकांनी घाबरून स्वतःच रुग्णवाहिका किंवा विमान ठरवले आणि नंतर बिले सादर केली, तर एक रुपयाही मिळत नाही. अपघात झाल्यावर पहिला फोन १०८ ला आणि दुसरा या केंद्राला, हा क्रम घरातल्यांनाही माहीत असायला हवा. प्रत्यक्षात पॉलिसीची पीडीएफ ज्याच्या मोबाइलमध्ये असते तोच बेशुद्ध पडलेला असतो.

परदेशांत या व्यवस्थेचे वेगळे नमुने आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ‘रेगा’ ही १९५२ मध्ये स्थापन झालेली संस्था नागरिकांच्या वार्षिक वर्गणीवर हवाई बचावसेवा चालवते आणि वर्गणीदाराचा जो खर्च विमा देत नाही तो ती माफ करू शकते. जर्मनीत ‘एडीएसी’ या मोटारचालकांच्या संघटनेची पिवळी हेलिकॉप्टरे १९७० पासून उडत आहेत. या दोन्ही ठिकाणी हेलिकॉप्टर, वैमानिक आणि डॉक्टर आधीपासून सज्ज आहेत, वर्गणी त्यांच्या पोषणासाठी जाते. आपल्याकडे विमा कंपनीजवळ स्वतःचे हेलिकॉप्टर नसते, ती केवळ खर्चाची परतफेड करण्याचे वचन देते. सेवा अस्तित्वात नसेल तर वचनाचे काय करायचे? सरकारी पातळीवर सुरुवात झाली आहे. हृषीकेशच्या एम्सची ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर रुग्णवाहिका २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. पण १७ मे २०२५ रोजी केदारनाथजवळ उतरताना तिलाच अपघात झाला. आतील सर्व जण बचावले, हेलिकॉप्टर मात्र निकामी झाले. पर्वतातील उड्डाण हे नकाशावर दिसते तितके सोपे नसते, याची आठवण त्या घटनेने करून दिली.

लडाखच्या वाटेवरील अडचणी याहून प्राथमिक आहेत. अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागते. मनाली ते लेह रस्त्याच्या मोठ्या भागात कोणतेच जाळे नसते. पाश्चात्त्य स्वार अशा ठिकाणी उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी उपकरणे बाळगतात आणि तिथल्या बचाव योजनांची सारी उभारणी त्या उपकरणांवर असते. भारतात परवानगीशिवाय ती बाळगणे हा गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला नेमक्या याच कारणासाठी ताब्यात घेण्यात आले होते. तेव्हा कोणी परदेशी कंपनीचे स्थलांतर सदस्यत्व घेण्याचा सल्ला देत असेल, तर ‘मी हाक कशी मारणार?’ हा पहिला प्रश्न त्याला विचारावा. लेहच्या विमानतळावरील नागरी उड्डाणे वाऱ्यामुळे प्रामुख्याने सकाळच्या वेळातच होतात, त्यामुळे दुपारी पडलेल्याला अनेकदा दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत तिथल्याच सोनम नोरबू रुग्णालयावर भिस्त ठेवावी लागते. लष्कर आणि हवाई दल अनेकदा नागरिकांना उचलून आणतात. ते त्यांचे सौजन्य आहे, ते गृहीत धरून प्रवासाचा आराखडा आखणे योग्य नव्हे.

याच वाटेवर आणखी एक फरक निर्णायक ठरतो, तो म्हणजे अपघात आणि आजार यांतला. आरोग्य पॉलिसीला सुरुवातीच्या ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, पण अपघात त्याला अपवाद आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेली पॉलिसीही घसरून पाय मोडला तर लागू होते. परंतु साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये विरळ हवेने फुप्फुसात पाणी झाले, तर तो अपघात नव्हे, आजार आहे. आणि तिथे तो प्रतीक्षाकाळ आडवा येतो. रजा मंजूर झाल्यावर घाईने विमा घेणाऱ्यांची इथे फसगत होते. या आजारावर खरा उपाय प्राणवायू आणि तातडीने खाली उतरणे हाच असल्याने स्थलांतर हाच इथे उपचाराचा मुख्य भाग ठरतो. जूनमध्ये जायचे असेल तर एप्रिलमध्येच कागदपत्रे पूर्ण करावीत. शिवाय लेहला पोहोचल्यावर निदान ४८ तास विश्रांती घ्यावी, ती फुकट असते.

‘साहसी खेळ वगळले आहेत’ असे सांगून एजंट स्वतंत्र महागडी योजना गळ्यात मारतात, त्याविषयीही थोडे. विमा प्राधिकरणाने आरोग्य पॉलिसींसाठी ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादात गिर्यारोहण, मोटार शर्यत इत्यादींची नावे आहेत, पण त्यात ‘व्यावसायिक म्हणून सहभाग’ असे शब्द आहेत. स्वतःच्या रजेत, सार्वजनिक रस्त्यावरून मोटारसायकलने लडाखला जाणारा बँकेतील कारकून या व्याख्येत बसत नाही. प्रवास विम्याचे मात्र तसे नाही. तिथे प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते आणि काही देशांतर्गत प्रवास पॉलिसींमध्ये अपघाताचा लाभ रेल्वे, बस, विमान अशा सार्वजनिक वाहनातील अपघातालाच मिळतो. दुचाकीस्वाराने अशी पॉलिसी घेणे म्हणजे छत्री विकत घेऊन ती घरी ठेवण्यासारखेच. वाहनाच्या विम्यातही संघटित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी हे प्रकार वगळलेले असतात. वेळेचे बंधन आणि क्रमांक असलेल्या ‘रॅली’त नाव नोंदवण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

गाडी उचलली जाते, माणूस नव्हे

वाहनाच्या विम्याविषयी तर गैरसमजांचे पीकच आहे. ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतला आहे म्हणून निर्धास्त असलेले अनेक जण आहेत. ही सेवा बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेते. जखमी स्वाराला रुग्णालयात पोहोचवणे आणि त्याचे बिल भरणे हे तिचे काम नव्हे. मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ मध्ये १५ लाखांवर नेण्यात आला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. पाय मोडून तीन महिने घरी बसलेल्याला त्यातून काही मिळत नाही, रुग्णालयाचे बिलही नाही. शिवाय तो मालकासाठी आहे. मित्राची बुलेट मागून लडाखला निघालेल्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००९ मधील निंगम्मा खटल्याचा निकाल लक्षात ठेवावा. मालकाकडून मागून घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून स्वार दगावला होता. गाडी उसनी घेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे त्या गाडीच्या विमा कंपनीकडे त्याच्या वारसांना त्रयस्थ म्हणून कलम १६३ अ खाली भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. स्वतःहून घसरून पडलेल्याला, समोर दुसरे वाहनच नसताना, भरपाई मागायला कोणी उरत नाही. त्याच्यामागे उभा राहतो तो फक्त त्याचा स्वतःचा आरोग्य विमा आणि स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा.

भाड्याची गाडी घ्यायची तर पाटी पाहावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे हे तिच्या विम्याच्या अटींचे उल्लंघन आहे. आणि मागे बसणारी व्यक्ती? तिच्यासाठीचा अपघात विमा ऐच्छिक आहे, तो घेतलेला क्वचितच आढळतो. सहलीचा हिशेब करताना पेट्रोल, हॉटेल, जॅकेट सगळे दोघांचे धरले जाते, विमा तेवढा एकाचा.

नेपाळ किंवा भूतानकडे वळणाऱ्यांचा मामला आणखी वेगळा. देशी आरोग्य पॉलिसी सामान्यतः सीमेवर संपते, तिथे परदेश प्रवास विमाच लागतो. गाडीच्या विम्यालाही जादा हप्ता भरून नेपाळ, भूतानपर्यंतचा भौगोलिक विस्तार घ्यावा लागतो. नेपाळमध्ये २०१८ साली हेलिकॉप्टर बचावातील मोठा गैरव्यवहार उघडकीस आला. किरकोळ तक्रारींच्या गिर्यारोहकांनाही हेलिकॉप्टरने उतरवून विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिले वसूल केली जात होती. त्यानंतर कंपन्या पूर्वपरवानगीबाबत कमालीच्या काटेकोर झाल्या. त्याचा जाच आता खऱ्या रुग्णालाही सोसावा लागतो.

मग घ्यावे काय? आमच्या मते क्रम उलटा लावण्याची गरज आहे. दहा लाखांच्या आसपासचा साधा आरोग्य विमा, ज्यात रस्त्यावरील रुग्णवाहिकेचा प्रत्यक्ष खर्च मिळतो, हा पाया. त्यावर स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळातील साप्ताहिक भरपाई असेल याची खातरजमा. घराचे हप्ते चालू असलेल्या कुटुंबाला हेलिकॉप्टरपेक्षा ही भरपाई जास्त आधार देते. हे दोन्ही झाल्यानंतर, आणि हिमालयात जायचे असेल तरच, हवाई स्थलांतराचे कलम. अनेक चांगल्या आरोग्य पॉलिसींमध्ये ते अंगभूत असते किंवा थोड्या जादा हप्त्यात जोडता येते, त्यासाठी वेगळे सदस्यत्व घेण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्यावर आल्याने हा खर्च पूर्वीइतका जड राहिलेला नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत असलेल्या कामगारांनी मात्र केवळ तिच्यावर विसंबून दूरच्या सहलीला निघू नये. रुग्णालयांचे जाळे सर्वत्र सारखे नाही.

तपासायचे कसे, याचीही आता सोय आहे. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत ठरावीक नमुन्यातील ग्राहक माहितीपत्र देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते. मागणारे फार थोडे असतात. स्थलांतर रुग्णालय ते रुग्णालय मान्य आहे का, ‘जवळचे योग्य रुग्णालय’ कोण ठरवतो, घरापासून अंतराची अट आहे का, उंचीची मर्यादा आहे का, आणि पूर्वपरवानगी न मिळाल्यास काय, एवढे पाच प्रश्न कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. एजंटचे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी ग्राह्य धरले जात नाही. उत्तर पटले नाही तर पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

रोकडरहित उपचारांच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा, असा विमा प्राधिकरणाचा मे २०२४ चा आदेश आहे. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.